पालथी पायरी

आमच्या बेटावर हाड कोणतं आणि दगड कोणता हे ओळखायला शाळेत जावं लागत नाही. जिभेला लावायचं. दगड सुटून येतो, जुनं हाड चिकटतं. जमीन खणताना काही पांढरं लागलं की माणूस आधी इकडेतिकडे बघतो, ते सदऱ्याला पुसून जिभेवर ठेवतो, आणि चिकटलं तर पुन्हा इकडेतिकडे बघतो. कारण हाड म्हणजे कबर, कबर म्हणजे पुरातत्त्व खातं, आणि खातं म्हणजे कुंपण. माझ्या चुलत्याच्या द्राक्षमळ्यात हातभर लांबीची जुनी भिंत निघाली. त्याने भाबडेपणाने जाऊन कळवलं. जे कुंपण पडलं ते चुलता मेला तरी उठलं नाही. तेव्हापासून मातीतून कुणी वर आलं तर हे कोण असं गावात विचारत नाहीत. गप म्हणतात आणि माती लोटतात.

इसिदोरोसनेही तेच केलं. यात त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे बघवत नाही.

आमचं घर त्यांच्या घराला लागून, वरच्या गावात. इसिदोरोस माझ्याहून थोडा मोठा. त्याची आई झाबेता मावशी. बाप युद्धात अल्बानियाच्या बर्फात राहिला. पाठोपाठ इटालियन सैनिक बेटावर आले, बोटी बंद झाल्या आणि तो उपासमारीचा हिवाळा आला. इसिदोरोस तेव्हा सात वर्षांचा होता, धाकटा याकुमी चार वर्षांचा. लोकांनी गवत उकडून खाल्लं, खारवलेल्या माशांच्या रिकाम्या पिंपांची लाकडं चाटली. रेशनकार्डावर माणशी ओंजळभर पाव मिळे, तोही रोज नाही.

त्या हिवाळ्यात याकुमी गेला. एका सकाळी अंथरुणात त्याची जागा रिकामी होती. आईने इसिदोरोसला एवढंच सांगितलं, की कुणी विचारलं तर म्हणायचं, झोपलाय. तिने याकुमीला चर्चच्या दफनभूमीत नेलं नाही, घंटा वाजवली नाही, कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्याचं नाव कार्डावरून कटलं असतं. उन्हाळ्यापर्यंत याकुमीचा पाव येत राहिला आणि इसिदोरोस तो खात राहिला. त्याने विचारलं नाही. सात वर्षांच्या पोराला कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी भूक बघितलेली नाही.

अशी ती एकटीच नव्हती. बेटावर त्या वर्षी बरीच पोरं अशीच झोपलेली होती. पण युद्ध संपल्यावर बाकीच्यांनी एकेक करून तोंड उघडलं, आणि हाडं उकरून नीट ठिकाणी नेली. झाबेता मावशीने नेली नाहीत. शेजारची एक बाई, जिची मुलगी त्याच वसंतात पावावाचून गेली होती, नळावर सगळ्यांसमोर बोलली होती, ‘काही घरं भाग्यवान, तिथे मेलेली पोरंसुद्धा जेवायला बसतात.’ मावशी घागर तिथेच टाकून घरी आली. त्यानंतर तिने याकुमीबद्दल अक्षर काढलं नाही. तो कुठे पुरला आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि न मेलेलं पोर वाढत राहतं. याकुमी वीस वर्षांचा झाला तेव्हा लष्करात हजर राहण्यासाठी त्याच्या नावाने शिपाई दारात आला. मावशी म्हणाली, जहाजावर गेलाय. तेव्हापासून याकुमी खलाशी झाला. कॉफीच्या दुकानातले म्हातारे इसिदोरोसला विचारत, काय म्हणतो धाकटा, कुठल्या बंदरात आहे? इसिदोरोस म्हणे, ब्राझीलला. सगळे मान हलवत. आमच्याकडे थट्टा अशीच करतात, तोंडावरची रेषही न हलवता. वर्षातून काही शनिवार मृतांच्या आत्म्यांसाठी असतात. त्या दिवशी घरोघरच्या बायका साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले उकडलेले गहू ताटात घेऊन चर्चमध्ये जातात आणि आपल्या माणसांची नावं पाद्र्याला सांगतात, आधी गेलेल्यांची, मग जिवंतांची. मावशी नवऱ्याचं नाव गेलेल्यांत सांगे. याकुमीचं नाव ती जिवंतांत सांगे. पाद्री ते तसंच वाचत.

समुद्रालगतचं शेत तिच्या माहेरचं. शेत कसलं, खारट वाळू, बार्ली गुडघ्यापर्यंत यायची नाही. पण त्याच्या वरच्या अंगाला जुनं देऊळ आहे, पाच खांब उभे आणि बाकीचे आडवे, आणि खाली वाळूचा अर्धचंद्र. पाहुण्यांना हे दोन्ही लागतं, सकाळी खांब आणि दुपारी समुद्र. बोटी येऊ लागल्यावर नापीक शेताचे धनी एकाएकी साहेब झाले. इसिदोरोस गवंडी होता. त्याने ठरवलं, इथे खोल्या बांधायच्या.

मावशी म्हणाली, वर विहिरीपाशी बांध. तो हसला. विहिरीपाशी कोण परदेशी येऊन झोपणार? मग ती म्हणाली, बांध कुठेही, पण तो झाऊ तोडू नकोस. वाळूच्या कडेला झाऊचं एकच झाड होतं, वाऱ्याने पाठ मोडलेलं. म्हाताऱ्यांचं असतं काहीतरी, असं म्हणून त्याने झाऊ ठेवला.

झाऊ ठेवला, पण पावसाच्या पाण्याची टाकी त्याच्या शेजारीच खणली. समुद्राच्या अंगाला, कमरेएवढ्या खोलीवर, कुदळ संगमरवरावर आदळली. फूटभर रुंद तुकडा, वर अंड्यांची नक्षी, देवळाच्या कपाळपट्टीवर असते तशी. त्याच्याखाली बारीक हाडं. मानेपाशी एक निळा मणी. त्याने एक हाड सदऱ्याला पुसून जिभेवर ठेवलं. चिकटलं.

नक्षीचा दगड, लहान मूल, मणी. खालच्या संग्रहालयात अशा कबरी काचेत ठेवलेल्या आहेत, आम्ही शाळेपासून बघत आलो. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. त्याने हाडं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत भरली आणि दिवे लागायच्या वेळी टेकाडाच्या टोकावरून समुद्रात सोडली. दगड चांगला होता, तो टाकवेना. तो त्याने अंगणातून वाळूकडे उतरणाऱ्या पायऱ्यांत सगळ्यात खालची पायरी म्हणून बसवला, नक्षी खाली आणि पाठ वर, म्हणजे खात्याचा माणूस आला तरी दिसू नये. आणि मणी त्याने आपल्या हातातल्या माळेत ओवला. आमच्याकडे पुरुषांच्या हातात मण्यांची माळ असते, जप नसतो, नुसती बोटांना सवय.

त्या संध्याकाळी कॉफीच्या दुकानात तो म्हणाला, ‘देवाचा एक नातू आज पोहायला पाठवला.’ दुकान हसलं. माझ्या नवऱ्याने घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मीही हसले. त्यात हसण्यासारखंच होतं.

खोल्या चालल्या. आधी चार, मग आठ, मग वर गच्ची. जर्मन आले, डच आले, उघड्या अंगाने वाळूत पडले, ओल्या पायांनी ती खालची पायरी चढत उतरत राहिले. इसिदोरोस गच्चीवर माळ खेळवत बसे. मावशी खाली कधी उतरली नाही. तिचे डोळे गेले, गुडघे गेले. वरच्या गावात ती खिडकीशी बसून असे. मुलगा भेटायला आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

‘झाऊ आहे ना रे?’

‘आहे, आई. तुझ्या सुनेहून जास्त त्याचीच काळजी घेतो मी.’

मग ती निवांत होई.

एका ऑगस्टमध्ये तिने मला बोलावून घेतलं. आमच्या दफनभूमीत माती थोडी आणि खडक फार, म्हणून पुरलेलं माणूस काही वर्षांनी वर काढतात, हाडं वाइनने धुतात, आणि लाकडी पेटीत नाव घालून हाडघरात ठेवतात. हे धुण्याचं काम माझी आई करायची, आता मी करते. मला वाटलं, मावशीला आपल्यासाठी काही सांगायचं असेल. इसिदोरोस खुर्चीवर बसला होता. माळेचा टकटक आवाज येत होता.

‘अनेझो, घरात वाइन आहे का चांगली?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘मावशी, तुझ्यासाठी जपून ठेवलीय. पण घाई नाही.’

‘माझ्यासाठी नाही. आधी याकुमीला धुवायचंय.’

पन्नासहून जास्त वर्षं त्या घरात हे नाव थट्टेशिवाय उच्चारलं गेलं नव्हतं. टकटक चालूच होती. ती मुलाच्या दिशेने वळली.

‘झाऊच्या समुद्राकडच्या अंगाला खण. खाली संगमरवर लागेल, अंड्यांची नक्षी असलेला. देवळातून मीच ओढत नेला होता तो. अंधारात जागा विसरले तर, म्हणून खूण. त्याच्याखाली आहे तो. मी गेले की त्याला माझ्या कुशीत ठेवा. एकटा राहिला फार.’

माळेची टकटक हळू झाली.

‘आणि गळ्यात मणी आहे,’ ती म्हणाली. ‘निळा. एका बाजूने टवका उडालेला. दृष्ट लागू नये म्हणून घातला होता.’ ती किंचित हसली. ‘त्या हिवाळ्यात काय दृष्ट लावणार होतं कुणी आम्हाला.’

टकटक थांबली. मी बघितलं. तो मणी त्याच्या अंगठ्याखाली होता.

‘आणशील ना रे?’

‘आणतो, आई,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो समुद्रात उतरू लागला. साठी उलटलेला माणूस, तोंडावर पाहुण्याचा विसरलेला पोहण्याचा चष्मा, टेकाडाच्या टोकाखाली बुडी मारायचा, वर यायचा, धापा टाकायचा, पुन्हा बुडी. हाडांवरून वीस वर्षांचा समुद्र गेलेला. तिथे प्रवाह असा आहे की बुडालेली बोट आठवड्यात शेजारच्या बेटावर सापडते, हे त्याच्याहून चांगलं कुणाला माहीत नव्हतं. वाळूवरच्या पाहुण्यांना वाटलं, मालक जेवणासाठी समुद्रातलं काहीतरी काढतोय. एकाने त्याचा फोटो काढला. तो वर येऊन मुठीतले पांढरे खडे खडकावर सुकत ठेवी, सुकले की एकेक जिभेला लावी, आणि परत टाकून देई.

वर मावशी वाट बघत होती. तिने जेवण कमी केलं होतं. ठरवून केलं होतं, घरी पाहुणा येणार म्हणून आपण थोडं मागे ठेवतो तसं. रोज विचारी, लागला का संगमरवर? तो म्हणे, जमीन कडक झालीय आई, मुळं आलीत. ती म्हणे, सांभाळून, कुदळ जोराने मारू नकोस.

मग एका दुपारी तो माझ्या दारात आला. हातात स्वच्छ पांढऱ्या फडक्याचं गाठोडं होतं. म्हणाला, धू. मी टेबलावर फडकं उघडलं. बघायलाही लागलं नाही.

‘कोकरू आहे हे,’ मी म्हटलं.

‘तिला दिसत नाही.’

‘हाताला दिसतं.’

‘अनेझो, लहान आहेत. तेवढीच लहान आहेत. मला आठवतात ती, मी एकेक उचलली होती. जिभेवर ठेवलं होतं मी एक.’

मी फडकं पुन्हा बांधलं. मनात आलं, धुवावं. वाइन होतीच. म्हातारीचा जीव सुटला असता. पण ज्या हातांनी त्या पोराला शेवटचं कपड्यात गुंडाळलं, त्या हातांत कोकराची बरगडी द्यायची? मी त्याला म्हटलं, मला नाही जमणार. दुसऱ्या कुणाकडे नेऊ नकोस. जा आणि सांग. तो म्हणाला, तू चल.

मी गेले. तो पलंगाजवळ उभा राहिला. बसला नाही. सगळं सांगितलं. टाकी, संगमरवर, सिमेंटची पिशवी, पायरी. कॉफीच्या दुकानातलंही सांगितलं, ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. खाली बंदरात बोटीचा भोंगा झाला.

‘मणी?’ तिने विचारलं.

त्याने माळ तिच्या हातात ठेवली. तिने एकेक मणी चाचपला. टवका सापडल्यावर तिथे बोट ठेवून बसली.

‘म्हणजे हेही तुलाच मिळालं,’ ती म्हणाली. ‘सगळं तुलाच मिळालं.’

आवाजात राग नव्हता. राग असता तर इसिदोरोस त्यातून तरला असता.

सकाळी माळेचा दोरा तुटलेला होता आणि मणी जमिनीवर पसरले होते. निळा तेवढा नव्हता. तो तिच्या मुठीत होता, आणि ती मूठ नंतर आमच्यासमोर उघडली नाही.

आम्हाला वाटलं होतं, आता ती जाईल. ती गेली नाही. जायचं कारणच संपलं होतं. तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणखी एक हिवाळा आला. मुलगा रोज पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून तिच्या ओठांशी नेई, ती तोंड उघडत नसे. तोच तुकडा मी नेला की खाई. काही दिवसांनी तो मुकाट्याने वाटी माझ्या हातात देऊन दाराबाहेर थांबू लागला.

आत्म्यांचा शनिवार आला. ती चर्चमध्ये जाऊ शकत नव्हती, म्हणून आमचे पाद्री, पापा अनेस्तिस, घरी आले. मी गहू उकडून ताट केलं होतं. इसिदोरोसने मेणबत्ती धरली होती. पापांनी विचारलं, ‘गेलेले?’ ती म्हणाली, ‘कोणी नाही, बापाशिवाय.’ म्हणजे तिचा नवरा. मग त्यांनी विचारलं, ‘आणि जिवंत?’

‘याकुमी.’

पापा थांबले. दरवर्षी त्याच्या आधी एक नाव असे. ‘आणखी?’ त्यांनी हलकेच विचारलं.

‘एवढंच.’

मेणबत्तीचं मेण इसिदोरोसच्या बोटांवर ओघळलं. त्याने हात हलवला नाही. पापांनी जिवंतांत एकच नाव वाचलं.

ती गेली त्या वसंतात. दफनानंतर इसिदोरोसने पहार आणली आणि स्वतःच्या हाताने ती खालची पायरी उखडली. नक्षी अजून कोरी करकरीत होती, वाळूच्या ओल्या अंगाने तिला काही झालं नव्हतं. दगड हातगाडीवर घालून तो खात्याच्या कचेरीत घेऊन गेला. गावाला वाटलं, डोकं फिरलं. आपण तीन पिढ्या तोंड दाबून बसलो, आणि हा स्वतःहून लांडग्याला घरी बोलावतो. कॉफीच्या दुकानात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

कचेरीत एक तरुण बाई होत्या. चांगल्या बोलल्या असं तो सांगतो. दगड कुठे मिळाला? झाऊखाली. सोबत काही? मुलाची कबर. त्यांनी पेन उघडलं. कोणत्या काळातली?

‘चार वर्षांचा होता,’ तो म्हणाला.

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्यानेही पुन्हा तेच सांगितलं.

मग झाऊभोवती कुंपण पडलं. माणसं आली, दोऱ्या लावून खणलं, टाकी फोडली. काही सापडलं नाही. सापडायला काही ठेवलंच नव्हतं. कुंपण मात्र आहे. झाऊ आत आहे, पाणी न मिळून एका बाजूने वाळलेला. दगड संग्रहालयात आहे, पाहुणे तो बघून मग वाळूवर येतात.

काही वर्षांनी मी मावशीला धुतलं. बोटांच्या बारीक हाडांत निळा मणी होता. तोही वाइनमधून काढला. इसिदोरोस पेटी धरून उभा होता. मी मणी त्याच्यापुढे केला तर त्याने मान हलवली आणि पेटी पुढे केली. झाकण लावताना म्हणाला, ‘माझ्या वेळी वाइन फुकट घालवू नकोस. सिमेंटची पिशवी बघ एखादी.’ मी त्याच्याकडे बघितलं. तोंडावरची रेषही हलली नव्हती, पण ती थट्टा नव्हती.

खोल्या अजून चालतात. उन्हाळ्यात पाहुण्यांची पोरं दिवसभर पाण्यात बुड्या मारतात आणि सापडेल ते गच्चीच्या कठड्यावर मांडून ठेवतात, शिंपले, खडे, काचेचे झिजलेले तुकडे. उन्हात ते सुकतात. संध्याकाळी पोरं आईबापांबरोबर जेवायला गेली की इसिदोरोस कठड्यापाशी येतो. शिंपल्यांना हात लावत नाही. पांढरं तेवढं उचलतो, सदऱ्याला पुसतो, जिभेवर ठेवतो, आणि ते सुटून आलं की जिथलं तिथे परत ठेवून पुढचं घेतो.